सासूबाईंची छत्री आणि जावयाचा ढोल

कयुंबा गावात मुलीला मागणी घालायला पाहुणे यायचे ठरले, की घरची बाई आधी केळीचे चांगले घड हेरून ठेवते, मग तंबूवाल्याला निरोप धाडते, आणि मग म्हणते, "गाण्याला गोरेत्तीला सांगा. आणि त्या दुसरीला."

त्या दुसरीचं नाव स्पेसिओझा.

नाव भारदस्त आहे, पण गावात फार कुणाच्या तोंडी नाही. बाप्तिस्म्याला फादरांनी घेतलं, लग्नाला घेतलं, त्यानंतर तिच्या नवऱ्यानेसुद्धा ते वापरलेलं नाही. तो 'इम्माकुलेटची आई' म्हणतो. बाई अंगाने किडकिडीत, चालणं असं की पायाखाली मुंगी सापडू नये. घरात असली की ताडाच्या पानांच्या चटया विणते, डोंगरावरच्या मिशनमधली वेदीची वस्त्रं धुऊन इस्त्री करते, आणि संध्याकाळी माळ जपताना डोळा लागला तर जाग आल्यावर पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात करते. देवाला काय कळत नाही का, म्हणते.

गाण्यात तिचं काम उत्तराचं. आमच्या गाण्यांत पुढची बाई ओळ फेकते आणि मागची झेलते. गोरेत्ती फेकायची, स्पेसिओझा झेलायची. दोघींची लग्नं झाली नव्हती तेव्हापासूनचं हे. गोरेत्तीचा आवाज मिशनच्या डोंगरावर सुटला, की खाली बाजारात मासे विकणारी बाई मान वर करून बघते. स्पेसिओझाचा आवाज तसा नाही. तो काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईसारखा, थेंबही सांडत नाही. पण घागर न सांडणाऱ्या बाईकडे कोण वळून बघतं? लोक गोरेत्तीकडे बघायचे. स्पेसिओझाला त्याचं वाईट वाटत नसे. गोरेत्तीच्या डाव्या खांद्यामागे हातभर जागा होती, ती तिची होती. तेवढी पुरे होती.

गोरेत्ती ही जुळ्यांची आई. म्हणून तिला सगळे नालोंगो म्हणतात, आणि तिच्या नवऱ्याला सालोंगो. जुळ्यांच्या आईबापांना आमच्याकडे एक सवलत असते. चारचौघांत ते काहीही बोलले, कितीही चावट गाणं म्हटलं, तरी कुणी कान धरत नाही. देवाने एकदम दोन दिले, तेव्हा तोंडही थोडं सैल दिलं असणार, असं धरून चालतात. गोरेत्ती ही सवलत पुरेपूर वापरायची. आणि लग्नाची गाणी म्हणजे काय, निम्मी चावटच.

मास्तरांच्या मुलीची मागणी ठरली. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्य, त्यामुळे साधं काम नव्हतं. मुलाकडचे मसाकाहून गाड्या भरून येणार होते. दोघींना निरोप आला आणि त्याच आठवड्यात सालोंगो फणसावर चढला. फणस सुखरूप खाली आला. सालोंगोचा हात मोडला.

सालोंगो हा त्यांचा ढोलकरी. घोरपडीच्या कातड्याचा लांब ढोल तो मांड्यांत धरून असा वाजवायचा, की बसलेल्या बायकांच्या कमरा आपोआप हलायच्या.

"आता?" स्पेसिओझाने विचारलं. दोघी गोरेत्तीच्या परसात, केळीखाली बसून शेंगदाणे सोलत होत्या. सालोंगो ओट्यावर हात गळ्यात बांधून बसला होता आणि फणस खात होता.

"आता काय?" गोरेत्ती म्हणाली. "ह्यांना आणखी दोन हात असते तर बरं झालं असतं. देवाने पोरं जुळी दिली, हात दिले नाहीत."

"मी आहे ना इथे," सालोंगो म्हणाला. "मला ऐकू येतं."

"ऐकू येतं तर वर चढू नका म्हटलेलं का आलं नाही?"

सालोंगोने फणसाचा गरा तोंडात टाकला. मग बी थुंकून म्हणाला, "लुतायाला बोलव. माझ्यानंतर ह्या भागात लांब ढोल वाजवणारा तोच एक. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरा."

दोन्ही बायकांचे हात थांबले.

लुताया हा स्पेसिओझाचा जावई. इम्माकुलेटचा नवरा.

हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही, पण सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर यायचं नसतं. तोंड बघायचं नाही, एका चटईवर बसायचं नाही, एका भांड्यातलं खायचं नाही, आणि चुकून हाताला हात लागला तर संपलंच. म्हातारपणी अंगाला कापरं भरतं. गावात एक आजोबा होते, त्यांचा हात सारखा थरथरायचा. लोक म्हणायचे, ह्यांनी तरुणपणी सासूच्या हातून पाण्याचा लोटा घेतला असणार. आजोबा म्हणायचे, मला मलेरिया झाला होता. कुणी ऐकून घेत नसे.

आणि लुताया तर नियमाचा इतका पक्का, की त्याच्यापुढे आमचे म्हातारेसुद्धा ढिले वाटावेत. चर्चमध्ये मिस्सेला स्पेसिओझा उजवीकडे पुढे बसते म्हणून तो डावीकडे शेवटच्या बाकावर, खांबाआड बसतो. एकदा तो बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून येत होता, वळणावर सासू दिसली, तर त्याने चालत्या मोटरसायकलवरून वारुळामागे उडी टाकली. बोडावाल्याला वाटलं गिऱ्हाईक मेलं. एकदा पाण्याच्या पंपावर दोघं एकाच वेळी पोचले, तेव्हा सासूची सगळी भांडी भरून होईपर्यंत तो आंब्याच्या खोडाला नाक लावून उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, पोराला काहीतरी दर्शन घडतंय. दोन बायका जवळ जाऊन गुडघेही टेकून आल्या.

"त्याच्या ढोलावर मी कशी गाणार?" स्पेसिओझा म्हणाली. "आणि ती गाणी! त्याच्यासमोर!"

गोरेत्ती शेंगा झटकत म्हणाली, "मग लिओन्सियाला विचारावं लागेल."

तिने ते सहज म्हटलं, पण स्पेसिओझाने शेंगांची टोपली बाजूला सारली. लिओन्सिया ही मारिया मंडळातली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण दांडगा. गेली कित्येक वर्षं ती गोरेत्तीच्या डाव्या खांद्यामागच्या त्या हातभर जागेवर डोळा ठेवून होती. गाणं चाललेलं असताना ती पहिल्या रांगेत बसून ओठ हलवायची. ती एकदा तिथे उभी राहिली की उठायची नाही, हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. आणि मग लोक म्हणणार, गोरेत्ती आणि लिओन्सिया. 'ती दुसरी' म्हणायलासुद्धा कुणी उरणार नाही.

"भिंतीआडून चालतं," स्पेसिओझा घाईने म्हणाली. "भिंतीआडून बोललं तर चालतं. विचारपूस करतातच की लोक."

"विचारपूस करतात. गाणी म्हणतात का?"

"नाही म्हणायचं असं कुठे सांगितलंय?"

गोरेत्तीने तिच्याकडे बघितलं. स्पेसिओझा कधी वाद घालत नसे. "बरं," ती म्हणाली. "बघू भिंत."

पहिल्या तालमीला लुताया गोरेत्तीच्या स्वयंपाकघराच्या पलीकडे, आणि दोघी अलीकडे. मध्ये मातीची भिंत. तालीम सुरू व्हायची तर आधी विचारपूस. सासू-जावयाची विचारपूस म्हणजे लांबलचक प्रकरण.

"आई, रात्र बरी गेली का?" भिंतीपलीकडून.

"बरी गेली बाळा. तुझी?"

"बरी गेली. घरी सगळे?"

"बरे आहेत. तिकडे?"

"बरे आहेत. शेळ्या?"

"बऱ्या आहेत. गुडघा?"

"बरा आहे, आई. वेदीची वस्त्रं?"

"वेदीची वस्त्रं कशी असणार रे मेल्या!" गोरेत्ती ओरडली. "पांढरी आहेत! ढोल वाजव!"

ढोल वाजला. आणि काय वाजला! सालोंगो ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "मी म्हटलं होतं ना." गोरेत्तीने ओळ फेकली. स्पेसिओझाने तोंड उघडलं, आणि ढोल एकदम मांजराच्या पावलासारखा झाला. तिने उत्तर संपवलं, ढोल पुन्हा गरजला. गोरेत्तीची ओळ, गडगडाट. स्पेसिओझाचं उत्तर, टुक टुक टुक.

"ए लुताया! झोपतोस काय मध्येच?"

"मावशी, त्या आई गातात तेव्हा मी कसा मोठ्याने वाजवू?" भिंत म्हणाली. "आईंच्या आवाजावर आवाज चढवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ढोल फाटलाय! तिच्या उत्तरालाच तर कंबर हलवायची असते!"

"मावशी, ते नाही जमणार मला."

"त्याला सांग," स्पेसिओझा भिंतीकडे न बघता गोरेत्तीला म्हणाली, "की आईने सांगितलंय म्हणून वाजव."

"त्याने ऐकलं ते. तुझ्यापासून हातभर आहे तो."

"तरी सांग."

गोरेत्तीने सांगितलं. लुतायाने मावशीला सांगितलं, की आईंना सांगा, प्रयत्न करतो. गोरेत्तीने तेही सांगितलं. असा तो कारभार.

पण खरी पंचाईत पुढच्या गाण्यात. त्या गाण्यात नवरा मुलगा सगळ्या गावात फुशारक्या मारतो. मी बैल उचलीन, मी विहीर खणीन, मी एका दिवसात सबंध केळीची बाग निंदीन. मग लग्न होतं, रात्र होते. गोरेत्ती गाते, दार लावलं, दिवा मालवला, आणि मग त्या पैलवानानं... आणि उत्तरात जो शब्द येतो तो इथे लिहिण्यासारखा नाही. तो शब्द आजवर स्पेसिओझाने शेकडो लग्नांत म्हटला होता, डोळे मिटून, जसा एखादा कडू औषधाचा घोट घ्यावा तसा. लोक तेवढ्यासाठीच थांबायचे, की एवढी सोवळी बाई आता तो शब्द म्हणणार.

गोरेत्तीने ओळ फेकली. दिवा मालवला, आणि मग त्या पैलवानानं...

स्पेसिओझाने तोंड उघडलं, भिंतीकडे बघितलं, आणि मिटलं.

सगळं शांत. केळीच्या पानाचा आवाज आला.

आणि त्या शांततेत भिंतीपलीकडे ढोलावर एकच जबरदस्त थाप पडली, ढम्! शेळी दचकून दाव्याला हिसडा देऊन उठली.

"हे काय?" गोरेत्ती म्हणाली.

"मावशी," पलीकडून लुतायाचा कानकोंडा आवाज आला, "मला वाटलं आई म्हणतील. म्हणून... म्हणून माझ्या कानांवर पडू नये म्हणून मी वाजवलं."

ओट्यावर सालोंगो इतका हसला, की त्याला मोडलेला हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला.

गोरेत्तीला मात्र हसू आलं नाही. तिचं गाणं तिच्या डोळ्यांदेखत अर्धं होत चाललं होतं. "शब्द गेला तर गाण्यात राहिलं काय?" ती म्हणाली. "आणि मास्तरांच्या अंगणात भिंत कुठून आणू? स्पेसिओझा, अगं, तू ह्या वेळी बस. एवढ्या वेळी."

"एवढ्या वेळी म्हणजे कायमचं," स्पेसिओझा म्हणाली.

"कायमचं कशाला?"

"लिओन्सिया उठेल का तिथून?"

गोरेत्ती खोटं बोलत नसे. ती उठून शेळीचं दावं पुन्हा बांधायला गेली.

स्पेसिओझा घरी गेली. संध्याकाळी माळ जपताना मारिया माऊलीला तिने सगळं सांगितलं. तुला जावई नव्हता, म्हणाली, म्हणून तुला कळायचं नाही, पण बघ काही सुचतंय का. मग तिची नजर ती विणत असलेल्या चटईवर गेली.

दुसऱ्या दिवशी ती चटई घेऊन आली. दोन केळींच्या मध्ये दोरीने टांगली. लुताया पलीकडे, ती अलीकडे. चटईला बारीक फटी होत्या, पण लुताया मान खाली घालून बसणारा, तेव्हा तो प्रश्न नव्हता. तालीम बरी चालली; तो शब्द ऐन वेळी म्हणेन, असं सांगून स्पेसिओझाने तेवढा सोडला. शेळीने चटईचा कोपरा खाल्ला तेवढंच.

"ही मास्तरांकडे टांगू," स्पेसिओझा म्हणाली.

"टांग," गोरेत्ती म्हणाली. "दोन खांब आणि टांगलेली चटई. मसाकाचे पाहुणे धुळीने माखून येतील, त्यांना वाटेल मास्तरांनी अंगणात न्हाणीघर बांधलं. एखादा साबण घेऊन आत शिरेल."

चटई गुंडाळली.

मग स्पेसिओझाने नवऱ्याची छत्री काढली. काळी, मोठी, लाकडी दांड्याची. उन्हात बायका छत्री घेतातच, कुणाला काही वाटणार नाही. ती छत्री डाव्या खांद्यावर तिरकी धरायची, म्हणजे लुतायाची बाजू झाकली जाते. गोरेत्तीला हे पटलं. फक्त छत्रीचा खटका जुना होता. एका तालमीत ती आपोआप मिटली आणि स्पेसिओझा छातीपर्यंत आत गेली. आतून तिने ओळ पुरी केली. सांडायचं नाही ही तिची सवयच होती.

"खटक्याला रबर लाव," गोरेत्ती म्हणाली. ती हसली नाही, म्हणजे तिला हसायला आलं होतं.

आणि मग हळूच, दुसरीकडे बघत, म्हणाली, "लिओन्सियाला मी सांगितलंय, समारंभाला नेसायची हिरवी गोमेसी इस्त्री करून ठेव. नुसतं ठेव म्हटलंय. लागलीच तर."

स्पेसिओझाने छत्री मिटली. "ठेवू दे," म्हणाली. रात्री तिने खटक्याला एक सोडून तीन रबरं लावली.

शनिवारी मास्तरांच्या अंगणात दोन तंबू समोरासमोर उभे राहिले. एकात घरचे, एकात पाहुणे. पुरुष पांढऱ्या पायघोळ कांझूवर कोट चढवून घामाने भिजलेले, बायका गोमेसीत, खांद्यांची टोकं वर, कमरेला रुंद पट्टे. मागे केळीच्या पानांत बांधलेलं अन्न वाफेवर चढलेलं होतं. फादर मानाच्या खुर्चीवर, हातात सोड्याची बाटली. पहिल्या रांगेत लिओन्सिया, हिरव्या गोमेसीत. गोमेसीच्या पट्ट्याला इस्त्रीची घडी अशी पडली होती, की त्यावर कांदा चिरावा.

लुताया घरच्या तंबूच्या कडेला ढोल मांड्यांत धरून बसला. मान इतकी खाली, की त्याला फक्त आपला ढोल आणि आपले पाय दिसत होते. स्पेसिओझा गोरेत्तीच्या डाव्या खांद्यामागे, छत्री तिरकी धरून.

पहिली दोन गाणी छान झाली. लुतायाचा ढोल आता स्पेसिओझाच्या उत्तरालाही मोठा वाजत होता, कारण गोरेत्तीने त्याला सांगितलं होतं, की आईचा आवाज बुडू द्यायचा नसेल तर तिच्याखाली नौका धर, पाणी काढून घेऊ नकोस. पाहुण्यांच्या आत्या खुर्चीतच हलायला लागल्या. मग पैलवानाचं गाणं सुरू झालं. बैल उचलला, विहीर खणली, बाग निंदली. फादरांनी बाटली ओठांना लावली आणि तंबूच्या छताकडे बघायला सुरुवात केली. त्यांना गाणं पाठ होतं.

दार लावलं, गोरेत्ती गायली. दिवा मालवला...

आणि वारा आला. तंबूची कनात फडफडली, छत्री वर ओढली गेली, स्पेसिओझाने ती खाली खेचली, आणि तिन्ही रबरं एकामागून एक सुटली. एक फादरांच्या सोड्याच्या बाटलीला लागलं. छत्री मिटली. स्पेसिओझा आत.

अंगणात 'अरे' असा एक आवाज झाला. गोरेत्तीने वळून बघितलं. तिच्या मैत्रिणीच्या जागी एक काळा कोंब उभा होता आणि त्याच्या आतून बारीक आवाजात उत्तराचा सूर येत होता. गोरेत्ती जी हसायला लागली, ती गाणंच विसरली. तिच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून श्वास नाही. तिच्या आवाजाने मासेवाली मान वर करायची, आणि आता त्या तोंडातून शिट्टीसारखं काहीतरी निघत होतं.

आत स्पेसिओझाचा जीव गुदमरत होता. छत्री काढली तर समोर जावई. न काढली तर मास्तरांच्या अंगणात मरण. ढोल थांबला नव्हता. लुतायाला काहीच दिसत नव्हतं. तो आपला मान घालून वाजवत होता.

पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लिओन्सिया उठली होती. तिने पट्टा सारखा केला आणि पाऊल उचललं.

ते पाऊल गोरेत्तीने बघितलं आणि तिचं हसणं थांबलं.

तिने एका हाताने छत्री ओढून काढली आणि त्याच दमात सबंध अंगाने स्पेसिओझा आणि ढोल यांच्या मध्ये शिरली. पाहुण्यांकडे पाठ. तोंड लुतायाकडे. दोन्ही हातांनी गोमेसीच्या पट्ट्याची टोकं पंखांसारखी पसरली. गोरेत्ती बाई म्हणजे काही लहानसहान नाही. तिच्यामागे स्पेसिओझाच काय, स्पेसिओझाची चटई, शेळी आणि पाण्याची भांडीही मावली असती.

"मी भिंत आहे," ती मान वळवून ओरडली. "तू म्हण!"

"मी? तुझी ओळ?"

"मग भिंत गाते का? म्हण!"

"गोरेत्ती, तुझी पाठ आहे लोकांकडे..."

"माझी पाठ माझ्या तोंडापेक्षा बरी आहे! लिओन्सिया, बस खाली, तुझा पट्टा चुरगळेल! स्पेसिओझा, म्हण!"

स्पेसिओझापुढे सगळं अंगण होतं. तिच्यासमोर कधी गोरेत्तीच्या मानेशिवाय काही नसायचं. तिने क्रूस केला, डोळे मिटले, आणि गोरेत्तीची ओळ घेतली. बारीक आवाजात, न सांडता. दार लावलं. दिवा मालवला. आणि मग त्या पैलवानानं...

ती थांबली. जावई भिंतीपलीकडे असला तरी ऐकत होता. तो शब्द तिच्या ओठांवर आला, आणि तिने तो गिळला. इतकं स्पष्ट गिळला, की शेवटच्या रांगेतल्यांनाही तो घशाखाली उतरताना दिसला.

ढम्!

 मग पाहुण्यांच्या तंबूतून एक आत्या फिसकन हसली. मग दुसरी. मग घरच्या तंबूतून. सगळ्यांना शब्द माहीत होता. सगळे तोच शब्द मनात म्हणत होते, आणि कुणीतरी आपलं मन ऐकलंय अशा चेहऱ्याने एकमेकांकडे बघत होते.

स्पेसिओझाला वाटलं, चुकलं. तिने घाबरून पुढचं कडवं घेतलं. त्यात तो शब्द दोनदा येतो. दोनदा गिळला. ढम्! ढम्! तिसऱ्या कडव्याला पाहुण्यांच्या आत्या उभ्या राहून कमरा हलवत होत्या, आणि ढम्ला सगळं अंगण एकदम टाळी देत होतं. नवऱ्या मुलाने तोंडावर रुमाल धरला होता. मास्तर, ज्यांना शाळेत कधी हसताना कुणी पाहिलं नव्हतं, ते खुर्चीची पाठ धरून वाकले होते. फादर छताकडेच बघत होते, पण त्यांचं पोट हलत होतं.

आणि भिंत? भिंत ढोलावर नाचत होती. लुताया डावीकडे झुकला की भिंत डावीकडे, उजवीकडे झुकला की उजवीकडे. मागून बघणाऱ्यांना त्या पाठीचाच इतका नाद लागला, की दोन आत्यांनी उठून तिच्या पट्ट्यात नोटा खोचल्या.

लिओन्सिया बसली होती. तिचे ओठ हलत नव्हते. ढम्ला मात्र तिचीही टाळी पडत होती, तिच्या मनाविरुद्ध.

जेवताना, बायका मागे केळीच्या पानांवर बसल्या तेव्हा, स्पेसिओझाने विचारलं, "तू का आलीस मध्ये? लिओन्सिया येत होती. तुझा आवाज वाया गेला आज."

गोरेत्ती शेंगदाण्याच्या आमटीत उकडलेल्या केळ्याचा गोळा बुडवत होती. "ती ओळ झेलते," म्हणाली, "पण तिच्या हाताला कसला वास येतो माहीत नाही. मला सवय नाही त्याची. जेव गप्प."

नंतरच्या आठवड्यात किजान्या टेकडीपलीकडून एक बाई आली. तिच्या मुलीची मागणी होती. "ती गाणारी मंडळी पाहिजेत," म्हणाली. "ती बाई शब्द गिळते ती. आणि ती भिंत."

"भिंत?" गोरेत्ती म्हणाली. "माझं नाव भिंत?"

"नाव माहीत नाही मला," बाई म्हणाली. "त्या स्पेसिओझाबरोबरची. ती दुसरी."

ओट्यावर सालोंगोला पुन्हा हात धरावा लागला.

संध्याकाळी तालीम लागली. भिंतीपलीकडे लुताया, अलीकडे स्पेसिओझा. विचारपूस झाली. शेळ्या झाल्या, गुडघा झाला. गोरेत्ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत उभी राहिली, जिथून दोन्हीकडचं दिसतं.

"मावशी," लुताया हळूच म्हणाला, "आईंना सांगा, शनिवारी दुसऱ्या कडव्यात त्या गिळायला उशिरा आल्या. मला हात धरून ठेवावा लागला."

"गोरेत्ती, त्याला सांग," स्पेसिओझा ताडकन म्हणाली, "की मी बरोबर आले होते. त्यानेच घाई केली."

"मावशी, आईंना सांगा, ढोल घाई करत नाही."

"त्याला सांग, सासूला शिकवू नकोस म्हणावं!"

गोरेत्तीने एकदा पलीकडे बघितलं, एकदा अलीकडे. मग तिने कमरेचा पट्टा घट्ट केला, दोन्ही हात चौकटीवर टेकवले, आणि म्हणाली, "भिंतीला डोकं दुखतंय. ओळ घ्या."